बासष्ट लाखांचा कापूस

जिवतीच्या पहाडावर बहिणीच्या घरी ओसरीत बसलो होतो. भाचीने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, "मामा, बाबाले कापसाचे बासष्ट लाख भेटून राह्यले!"

पडद्यावर आकडा खरंच तसा होता. ६२५८०००.

तिच्या बाबांच्या वहीतली नोंद अगदी साधी. पहिला वेचा ८ क्विंटल, दुसरा ९ आणि शेवटची फरदड ४. भाव तिने हिशेबापुरता क्विंटलला ७,००० धरलेला. एकवीस साती एकशे सत्तेचाळीस, म्हणजे १ लाख ४७ हजार रुपये. बाजूला तूर निवडत बसलेल्या तिच्या आजीने हे गणित तोंडी केलं असतं. मग सेकंदाला अब्जावधी ठोके घेणाऱ्या यंत्राला ते का जमलं नाही?

आणि यंत्र चुकल्याची कुठे कुरकुरही नव्हती. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही. प्रोग्राम निमूट सुरू झाला, निमूट संपला आणि बासष्ट लाख अठ्ठावन्न हजार हातावर ठेवून मोकळा झाला. ओरडणारी चूक सापडते. ही न ओरडणारी चूक माणसाला रात्ररात्र जागवते.

प्रोग्राम जावास्क्रिप्टमधला, जेमतेम दहा ओळींचा. वजनं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेली. प्रोग्राम ती फाइल वाचतो, एकेक वजन उचलतो, बेरजेत टाकतो आणि शेवटी भावाने गुणतो. भाचीने त्यातली नावं मराठीतच ठेवली होती, 'वजन', 'एकूण', 'भाव'. हो, चालतं! जावास्क्रिप्टला देवनागरी नावांचं काहीच वावडं नाही. आकडे मात्र तिला इंग्रजीच लागतात. देवनागरी ८ दिलात तर 'हा आकडाच नव्हे' म्हणून ती हात वर करते. नावं आपली, आकडे त्यांचे, असा हा करार.

आता चूक शोधायची कशी? बहुतेक जण प्रोग्राममध्ये जागोजागी 'इथे काय आहे ते छाप' अशा ओळी घुसवतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. वाईट काही नाही त्यात, पण काय विचारायचं ते आधीच ठरवावं लागतं, आणि नवा प्रश्न सुचला की पुन्हा पहिल्यापासून चालवावं लागतं. डीबगर वेगळंच करतो. तो धावत्या प्रोग्रामला भररस्त्यात उभा करतो आणि म्हणतो, थांब, खिसे दाखव.

सांगायला सोपं आहे. पण जरा विचार करा. तीन वेच्यांची ती बेरीज तुमची पापणी अर्धी मिटायच्या आत संपलेली असते. इतक्या वेगाने जाणाऱ्या गोष्टीला 'सातव्या ओळीवर थांब, आणि बेरीज करायच्या आत थांब' हे सांगायचं कसं? ती थांबलीच, तर तिच्या हातातलं सगळं न सांडता राहतं कसं? आणि पुन्हा चालू लागल्यावर आपण थांबलो होतो याचा तिला पत्ताही कसा लागत नाही?

पहिलं उत्तर अक्षरशः हाताने दिलेलं आहे. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'एनिॲक' नावाचा खोलीभर संगणक जगासमोर आला. त्याच्यावर प्रोग्राम 'लिहीत' नसत, जोडत. एका कपाटातली तार दुसऱ्या कपाटात खोवायची, म्हणजे हे काम झालं की ते सुरू होईल. त्याच्यावर काम करणाऱ्या बेटी होल्बर्टन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना एखाद्या टप्प्यावर गणित थांबवून आतले आकडे बघायचे असले, की त्या तिथली तार उपटत. साखळी तुटली, गणित जागच्या जागी उभं! त्या तुटलेल्या जागेला नाव पडलं ब्रेकपॉइंट. आज भाची एडिटरमध्ये ओळीच्या क्रमांकाशेजारी क्लिक करते आणि एक लाल ठिपका उमटतो. तो ठिपका त्या उपटलेल्या तारेचा थेट वंशज आहे.

पण आता तारा नाहीत. मग उपटायचं काय?

इथे मला दरवेळी नव्याने चकित व्हायला होतं. सी भाषेतला प्रोग्राम घ्या. तो तयार झाला की आकड्यांची एक लांबच लांब रांग होऊन मेमरीत बसतो, आणि प्रोसेसर ते आकडे आज्ञा म्हणून एकामागून एक वाचत जातो. डीबगर काय करतो? जिथे थांबायचं आहे तिथला एक आकडा उचलून खिशात ठेवतो आणि त्या जागी दुसरा आकडा ठेवतो, २०४. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरांसाठी २०४ या आकड्याचा अर्थ आहे 'थांब आणि हाक मार'. प्रोसेसर आपल्या वेगात धावत येतो, २०४ वाचतो आणि थबकतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतो, सिस्टिम डीबगरला उठवते. चालत्या प्रोग्रामच्या पायाखालची एकच फरशी कोणीतरी हळूच बदलली होती, आणि पाय नेमका तिच्यावर पडला.

२०४ ही आज्ञा एकाच बाइटची आहे, आणि यात फार मोठं शहाणपण आहे. या प्रोसेसरांच्या आज्ञा एका बाइटपासून पंधरा बाइटांपर्यंत कितीही लांब असू शकतात. थांबण्याची आज्ञा दोन बाइटांची असती आणि ती एका बाइटच्या आज्ञेच्या जागी ठेवली असती, तर शेजारच्या आज्ञेचा पाय तिच्याखाली चिरडला असता. म्हणून सगळ्यांत लहान घरातही मावेल इतकी ती लहान ठेवली. १९७८ च्या ८०८६ चिपपासून हे असंच चालत आलं आहे.

आणि पुढे निघताना? डीबगर खिशातला मूळ आकडा परत जागेवर ठेवतो, प्रोसेसरला एक पाऊल मागे घेतो आणि म्हणतो, आता फक्त एकच आज्ञा पाळ आणि पुन्हा थांब. हे 'एकच पाऊल' टाकण्यासाठी प्रोसेसरच्या आत खास एक बिट राखून ठेवलेला आहे. एक पाऊल पडलं की डीबगर चटकन २०४ पुन्हा पेरून ठेवतो, पुढच्या फेरीसाठी. मग सोडतो. प्रोग्रामला काही कळलेलं नसतं.

भाचीची जावास्क्रिप्ट थेट प्रोसेसरशी बोलत नाही. तिला चालवणारं एक इंजिन असतं. तिच्या प्रोग्रामखाली होतं ते व्ही-एट, क्रोम ब्राउझरमध्येही हेच असतं. ते तुमच्या ओळींपासून आपली एक संक्षिप्त भाषा तयार करतं, बाइटकोड. ब्रेकपॉइंट लावला की व्ही-एट त्या बाइटकोडची एक नक्कल काढतं आणि नकलेत नेमक्या जागी 'डीबगरला हाक मार' ही सूचना पेरतं. १९४६ ची तार, १९७८ चा २०४ आणि आजची ही पेरणी: युक्ती एकच, ती फक्त एकेक मजला वर चढत आली.

पण थांबलेला प्रोग्राम उत्तरं कसा देतो? थांबला म्हणजे थांबला ना? तुम्ही 'वजन' या नावावर माउस नेऊन ठेवता आणि किंमत दिसते. ती कोण सांगतं? व्ही-एट थांबताना पूर्ण निजत नाही. आपलं नेहमीचं काम तिथल्या तिथे गोठवून ते एका छोट्या फेऱ्यात शिरतं, आणि त्या फेऱ्यात एवढंच करत राहतं: डीबगरचा प्रश्न आला का? उत्तर दे. आला का? उत्तर दे. 'पुढे चल' असा निरोप आला की फेऱ्यातून बाहेर पडतं आणि अर्धवट राहिलेली ओळ पुढे नेतं. हातातला घास तोंडाशी तसाच धरून कोणी तुमच्या शंभर प्रश्नांची उत्तरं द्यावीत आणि मग शांतपणे जेवण पुढे सुरू करावं, तसं.

हे सगळं घडत कुठे होतं? तिच्या लॅपटॉपमध्ये तर नाही. लॅपटॉप जुना, चार जीबी मेमरीचा. त्यात मोठा एडिटर टाकला की तो धापा टाकतो. म्हणून ती ब्राउझरमध्ये उघडणारा एडिटर वापरते. पत्ता टाका, टॅब उघडते, आणि टॅबमध्ये फाइली, रंगीत ओळी, खाली टर्मिनल, सगळा संसार.

या मांडणीचं चित्र डोळ्यांपुढे आणायला जिवती तालुक्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. इथल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगत आले आहेत. लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं. त्यांतल्या महाराजगुड्यातलं एक घर काही वर्षांपूर्वी देशभरच्या बातम्यांत झळकलं होतं. राज्यांची हद्द त्या घराच्या मधून जाते. आठ खोल्या, चार इकडे, चार तिकडे. स्वयंपाकघर तेलंगणात, निजायची खोली महाराष्ट्रात. घर मात्र एकच, चूल एकच, माणसं एकाच कुटुंबातली.

ब्राउझरमधला एडिटर हे असंच हद्दीवरचं घर आहे. तुम्हाला दिसतो तो दर्शनी भाग, म्हणजे ओळी, ठिपके, बटणं, हा तुमच्या ब्राउझरमध्ये, जिवतीत. स्वयंपाकघर दूर कुठल्यातरी सर्व्हरवर, मुंबईत किंवा सिंगापूरला. तुमच्या फाइली तिथे, प्रोग्राम तिथे चालतो, डीबगरही तिथेच. मधली हद्द निरोप ओलांडतात. ज्या वाटेने ते जातात तिला वेबसॉकेट म्हणतात. ही वाट एकदा उघडली की दोन्ही बाजूंनी केव्हाही बोलता येतं, दरवेळी नव्याने दार ठोठावावं लागत नाही.

काही एडिटरांना हे स्वयंपाकघर नसतंच, हे आधी माहीत असलेलं बरं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हीएस कोडची जी फक्त ब्राउझरमधली आवृत्ती खुली केली, तिच्यामागे सर्व्हर नाही. फाइली वाचायला, दुरुस्त करायला ती छान, पण तिथे नोडचा, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेवरचा, प्रोग्राम चालवायला टर्मिनल शोधाल तर सापडणार नाही. कारण चूलच नाही, भात कशावर शिजणार? त्यासाठी मागे खरं यंत्र असलेला एडिटर हवा. गिटहब कोडस्पेसेस हा त्यांतला एक. वैयक्तिक खात्याला तो महिन्याला १२० कोअर-तास फुकट देतो. दोन कोअरचं यंत्र घेतलं तर ते झाले साठ तास. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला साठ तास पुष्कळ झाले.

तर भाचीने डाव्या पट्टीतल्या चित्रावर क्लिक केलं, त्रिकोण आणि त्याला चिकटलेला किडा. एडिटरने विचारलं, कशाने चालवू? तिने नोड निवडलं. लगेच एक छोटी फाइल तयार झाली, 'लाँच डॉट जेसन'. किती लोक या फाइलला घाबरतात! पण तिच्यात असतं काय? कोणत्या जातीचा प्रोग्राम आहे, तो मी सुरू करू की आधीच चालू असलेल्याला जाऊन मिळू, या मांडणीला नाव काय द्यायचं, आणि फाइल कुठे आहे. पाहुण्याला गावी पाठवताना आपण चिठ्ठीवर एवढंच लिहून देतो ना?

यातलं 'आधीच चालू असलेल्याला जाऊन मिळू' हे मला विशेष आवडतं. प्रोग्राम तासाभरापासून धावतो आहे, डीबगरचा तेव्हा मागमूसही नव्हता, आणि आता तो मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. नोडचा प्रोग्राम 'तपासणीला तयार' असं सांगून सुरू केला असेल तर तो ९२२९ क्रमांकाचं एक दार किलकिलं ठेवतो. डीबगर त्या दारातून आत येतो.

पण थांबा. एडिटर एका कंपनीचा, नोड दुसऱ्यांचं, पायथन तिसऱ्यांचं, सी चौथ्यांची. प्रत्येकाचा डीबगर वेगळा, त्याची बोली वेगळी. मग एकच लाल ठिपका सगळ्यांना कसा कळतो?

जिवतीच्या बाजारात एक चक्कर मारा. कोणी घरी कोलामी बोलतं, कोणी गोंडी, कोणी गोरमाटी, कोणी तेलुगू. प्रत्येक दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकाची भाषा शिकायची म्हटलं तर बाजार भरायचाच नाही. म्हणून व्यवहाराला एक भाषा सगळे धरतात. पाच एडिटर आणि आठ भाषा असल्या, तर प्रत्येक जोडीसाठी वेगळं जोडकाम म्हणजे चाळीस जोडकामं. मधे एक सामाईक बोली ठेवा. पाच एडिटरांनी ती शिकायची, आठ भाषांच्या बाजूंनी एकेक दुभाषा बसवायचा. पाच आणि आठ, तेरा! चाळीसाचे तेरा झाले, फक्त बोलायचं कसं ते ठरवल्याने.

व्हीएस कोडच्या लोकांनी ही बोली ठरवली, तिचं नाव डीबग अडॅप्टर प्रोटोकॉल. सगळ्यांनी वापरावी म्हणून त्यांनी ती उघड्यावर मांडून ठेवली. आज कितीतरी वेगवेगळे एडिटर ती बोलतात. आणि बोली इतकी माणसासारखी की वाचताना हसू येतं. एडिटर म्हणतो, 'ओळख करून घेऊ, तुला काय काय येतं?' दुभाषा सांगतो, 'मला अटीवर थांबता येतं, किंमत बदलता येते.' एडिटर, 'मग प्रोग्राम सुरू कर.' दुभाषा, 'थांबायच्या जागा सांग.' एडिटर, 'हिशेबाच्या फाइलची सातवी ओळ.' 'नोंद केली.' 'झालं, आता सोड.' आणि मग थोड्या वेळाने पलीकडून एक निरोप येतो, ज्याची सगळे वाट पाहत असतात: 'थांबला.'

या निरोपांच्या डोक्यावर त्यांची लांबी लिहिलेली असते, बाइटमध्ये मोजलेली. 'एकूण' हा शब्द आपल्या नजरेला तीन अक्षरांचा. संगणक मात्र त्यातला दीर्घ उकार वेगळा धरतो, म्हणजे चार खुणा, आणि देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते. बारा बाइट. तिच्या बाबांच्या कापसाची बेरीज हद्द ओलांडताना बारा बाइटांचं नाव गळ्यात घालून जाते!

भाचीचा पहिला ठिपका मात्र लाल राहिलाच नाही. प्रोग्राम सुरू होताच तो राखाडी झाला, आत पोकळ. प्रोग्राम न थांबता सुसाट निघून गेला, पुन्हा बासष्ट लाख. या राखाडी ठिपक्याने जगभर किती जणांची दुपार खाल्ली असेल! त्याचा अर्थ एवढाच: 'तू सांगितलेली जागा मला सापडली नाही.' महाराजगुड्यातलं ते घर आठवा. घर एक, पण ते दोन राज्यांच्या दफ्तरांत. एका दफ्तरातला पत्ता घेऊन दुसऱ्या दफ्तरात गेलात तर कारकून म्हणेल, असं घर आमच्याकडे नाही. फाइलचंही तसंच होतं. एडिटरच्या लेखी ती एका फोल्डरमध्ये असते, चालणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी दुसऱ्याच. चिठ्ठीत दोन ओळी वाढवाव्या लागतात: इकडचा हा पत्ता म्हणजे तिकडचा तो. भाचीचं दुखणं याहून साधं होतं. तिने प्रोग्रामची नक्कल दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून ठिपका तिच्यात लावला होता आणि चिठ्ठीत जुनाच मार्ग राहिला होता. तो बदलला. ठिपका भरला, लालबुंद.

तिने एफ ५ दाबलं आणि सातव्या ओळीवर पिवळा पट्टा उभा राहिला. थांबला!

या एका क्षणात किती अंतर कापलं गेलं बघा. जिवती ते मुंबई सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर धरू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एकेरी वाटेला तीन मिलिसेकंदांच्या जरा वर. खरी तार सरळ जात नाही, मधे टॉवर आहेत, वळणावळणाला निरोपांना वाट दाखवणारी यंत्रं आहेत, म्हणून प्रत्यक्षात कितीतरी पट जास्त वेळ लागतो. तरीही बोट उचलायच्या आत प्रश्न पहाड उतरून गेला आणि उत्तर पहाड चढून आलं.

यात एक घरवापसीही आहे. भाचीचा एडिटर ज्या व्हीएस कोडच्या घराण्यातला, त्याची सुरुवात झाली तीच ब्राउझरमध्ये. २०११ साली एरिक गामा हे प्रोग्रामर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि झुरिकमध्ये बसून त्यांच्या छोट्या गटाने 'मोनॅको' नावाचा ब्राउझरमधला एडिटर करायला घेतला. २०१५ मध्ये त्याचाच व्हीएस कोड होऊन तो संगणकावर उतरवून घ्यायचा कार्यक्रम झाला. आणि नंतर तो पुन्हा ब्राउझरमध्ये आला, या वेळी डीबगर आणि मागचा सगळा कारखाना घेऊन. लेक सासरी जाऊन संसार थाटून माहेरी यावी, तसा.

असो, पिवळ्या पट्ट्याकडे वळू. डाव्या बाजूच्या चौकटीत आत चाललेलं सगळं मांडलेलं होतं. एकूण, ०. वजन, '८'. भाव, ७०००.

"काही दिसलं का?" मी विचारलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग बोट पडद्यावर टेकवलं. "याले हे दोन टिकल्या कायच्या?"

वजनाच्या ८ ला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं होती. शून्याला नव्हती, सात हजाराला नव्हती. रंगही वेगळा.

मी तिला फक्त एफ १० दाबायला सांगितलं. एक ओळ पुढे. (हीच पावलं टाकताना ब्राउझरमध्ये एफ ११ जपून, काही ठिकाणी फंक्शनच्या आत शिरण्याऐवजी ब्राउझर स्वतःच पूर्ण पडदाभर होतो. बाणांची बटणं वापरलेली बरी.) बेरीज झाली. एकूण आता झालं होतं '०८'. टिकल्यांसकट. दुसरी फेरी, '०८९'.

फाइलमधून वाचलेलं सगळं जावास्क्रिप्टला मजकूर वाटतं. ८ हा तिच्या लेखी आकडा नव्हता, आठाचं चित्र होतं. आणि बेरजेचं चिन्ह आकड्यांना मिळवतं, मजकुराला मात्र नुसतं चिकटवतं. शून्याला आठ चिकटले, आठाला नऊ चिकटले, आता चार चिकटणार होते. '०८९४'. आणि शेवटी गुणाकार! मजकुराचा गुणाकार करता येत नाही, म्हणून तिथे मात्र जावास्क्रिप्ट मजकुराचा आकडा करून घेते. आठशे चौऱ्याण्णव क्विंटल गुणिले सात हजार. बासष्ट लाख अठ्ठावन्न हजार. प्रत्येक पाऊल नियमाला धरून, आणि मुक्काम कुठल्या कुठे.

तिने खालच्या चौकटीत, थांबलेल्या प्रोग्रामलाच विचारलं, वजन कोणत्या प्रकारचं आहे? हा प्रश्न तिच्या दहा ओळींत कुठेच नव्हता. तरी त्या गोठलेल्या अवस्थेतून उत्तर आलं, 'मजकूर'. मग तिने लिहिलं, याचा आकडा कर बरं. उत्तर आलं ९, टिकल्यांशिवाय. प्रोग्रामच्या एका अक्षराला हात न लावता तिने औषध लागू पडतं का ते पाहून घेतलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली.

पहाडावर हे रोजचंच. पडद्यावर पट्टी आली, संपर्क तुटला, पुन्हा जोडत आहे. तिचा चेहरा पडला. "गेलं सगळं?"

काहीच गेलं नव्हतं. गेला होता तो फक्त इकडच्या खोलीतला दिवा. तिकडे स्वयंपाकघरात प्रोग्राम जसाच्या तसा उभा होता, दुसऱ्या फेरीत, हातात '०८९' धरून, आपल्या छोट्या फेऱ्यात फिरत, प्रश्न आला का, प्रश्न आला का. त्याला रेंज गेल्याचं कळायचं कारण नाही. असे सर्व्हर कोणीच फिरकलं नाही तर काही वेळाने झोपी जातात. कोडस्पेसेसमध्ये ठरवून काही बदललं नसेल तर ही मुदत तीस मिनिटांची असते. आमची रेंज चहा होईपर्यंत आली. पट्टी नाहीशी झाली, पिवळा पट्टा होता तिथेच होता, आणि एकूणच्या पुढे '०८९' तसंच.

भाचीने सातव्या ओळीत वजनाला 'नंबर'च्या कंसात घातलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि एकेक पाऊल टाकत गेली. ०. मग ८. मग १७. मग २१. टिकल्या नाहीत. भावाशी गुणाकार, १४७०००.

तिने आजीला हाक मारून आकडा सांगितला. आजीने तुरीच्या सुपातून मान वर न करता विचारलं, "अन् कट्टी?"

क्विंटलमागे व्यापारी जे वजन कापून घेतो, ते हिशेबात धरलंच नव्हतं. भाचीने बाबांची वही पुन्हा ओढली, कट्टीची ओळ लिहिली आणि तिच्या डाव्या बाजूला क्लिक केलं. लाल ठिपका.